कोजागरी ते वसुबारस: गावी निघण्याआधीची मुंबई

दिवाळी गावी साजरी करणाऱ्या, पण वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने मुंबईत काढणाऱ्या नोकरदार मुलामुलींसाठी हा धागा आहे. कोजागरीच्या मसाला दुधापासून आश्विन वद्य द्वादशीच्या वसुबारसेपर्यंत जेमतेम बारा दिवस मिळतात आणि वर्षभर 'एकदा निवांत भेटू' म्हणत पुढे ढकललेल्या साऱ्या भेटी याच दिवसांत एकमेकींवर येऊन आदळतात. कार्यालयातला पारंपरिक वेशाचा दिवस, वसतिगृहातल्या जुन्या मैत्रिणींचे जेवण, नोकरी सोडून चाललेल्या सहकाऱ्याचा निरोप, मावशीकडचा आग्रहाचा फराळ, दादरची खरेदी, आणि या सगळ्यातून वेळ काढून बॅग भरणे.

मला हे बारा दिवस प्रत्यक्ष दिवाळीइतकेच मोलाचे वाटतात. गावी पोहोचलो की आपण आईवडिलांचे, भावंडांचे होतो. ज्यांच्याबरोबर आपण खोली, डबा, लोकलमधल्या तिघांच्या बाकावरची चौथी सीट आणि तापातली रात्र वाटून घेतली, त्यांच्याजवळ मात्र आपण अभ्यंगस्नानाच्या दिवशी कधीच नसतो. त्यांच्या वाट्याला येते ती दिवाळीआधीची एखादी संध्याकाळ. म्हणून विचारते आहे: या संध्याकाळी तुम्ही कोणाला दिल्या आणि कोणाला द्यायच्या राहून गेल्या? माणसांची आणि कंपन्यांची नावे टाळावीत, पण अनुभव सविस्तर लिहावेत.

सनदी लेखापाल, ठाणे (मूळ गाव सांगली)

आमच्या व्यवसायात दिवाळी आणि विवरणपत्रे यांची गाठ जवळपास दरवर्षी पडते. ज्यांना लेखापरीक्षण लागू आहे, अशा करदात्यांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरण्याची मुदत एरवी ३१ ऑक्टोबरला संपते. २०२४ मध्ये नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी होती. त्यामुळे कोजागरीपासून आलेल्या प्रत्येक निमंत्रणाला 'मुदत संपली की नक्की' एवढे एकच उत्तर मी देत होतो.

शनिवारी, २६ ऑक्टोबरला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ही मुदत १५ नोव्हेंबरपर्यंत वाढवल्याचे कळले. कार्यालय तासाभरात रिकामे झाले आणि सोमवारी रात्रीच्या गाडीपर्यंत माझ्या हातात अचानक दोन मोकळ्या संध्याकाळी आल्या. मी एकामागून एक फोन लावले. एक मित्र सोलापूरला पोहोचलेला होता, दुसरा त्याच रात्री निघत होता, तिसऱ्याच्या घरी पाहुणे आलेले होते. शेवटी कल्याणला राहणाऱ्या शाळासोबत्याकडे गेलो. जेवणे झाल्यावर गच्चीत उभे असताना त्याने सांगितले की त्याची नोकरी ऑगस्टमध्येच गेली आहे आणि हे त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितलेले नाही. मधल्या काळात त्याने मला तीनदा बोलावले होते. तिन्ही वेळा मी मुदतीचे कारण दिले होते.

त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याला डिसेंबरमध्ये दुसरे काम मिळाले, त्यात माझा काही वाटा नव्हता. पण तेव्हापासून मी ऑक्टोबरमधल्या प्रत्येक गुरुवारी रात्री नऊनंतर काम ठेवत नाही. त्या वेळी कोणी बोलावले तर जातो, नाही बोलावले तर आपण होऊन कोणाला तरी फोन करतो.

निवासी डॉक्टर, परळ (मूळ गाव नांदेड)

आमच्याकडे रजा वाटून घ्याव्या लागतात. निम्मे जण लक्ष्मीपूजन घरी करून परततात आणि मग उरलेले निम्मे निघतात. गेल्या वर्षी मी थांबणाऱ्यांमध्ये होते. भेटीगाठी म्हणाल तर रात्री दीड वाजता, दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत, उपाहारगृहात घेतलेला चहा एवढीच. निघणाऱ्या एका मैत्रिणीने त्या चहाच्या वेळी माझ्या हातात उटण्याची पुडी, वासाच्या तेलाची लहान बाटली आणि एक मोती साबण ठेवला. चतुर्दशीला मी पहाटे पाचला वसतिगृहाच्या सामायिक न्हाणीघरात अभ्यंगस्नान केले आणि सातला कामावर गेले. त्या दिवशी फटाक्याने हात भाजलेली तीन मुले आली. आणखी लिहायला वेळ नाही, पण त्या पुडीबद्दल मला इथे नोंद करायची होती.

बँक कर्मचारी, वांद्रे-कुर्ला संकुल (मूळ गाव लातूर)

माझी आत्या गिरगावात एका जुन्या चाळीत राहते. आधीची चार वर्षे मी दिवाळीआधी तिच्याकडे एकदाच, तेही घाईने, जात असे. संध्याकाळी संकुलातून रिक्षाने वांद्रे स्थानक गाठायचे, तिथून चर्नी रोड, मग पायी, आणि परत खोलीवर यायला अकरा वाजायचे. २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबरला प्रवाशांसाठी खुला झाला. कोजागरी होऊन तीन दिवस झाले होते. संकुलाच्या स्थानकात बसून अर्ध्या तासाच्या आत थेट गिरगावात उतरता येऊ लागले आणि त्या आठवडाभरात मी आत्याकडे चार वेळा गेले.

पहिल्या दिवशी मी पाहुणी होते. दुसऱ्या दिवशी तिने भाजणी माझ्यापुढे ठेवली. मोहन किती गरम हवे, पीठ सैल झाले तर चकली तेल पिते आणि घट्ट झाले तर सोऱ्यातून पडताना तुटते, हे तिने मला हातात पीठ देऊन शिकवले. तिच्या मजल्यावर पूर्वी बायका फराळ एकत्र करत. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असे करत सबंध मजल्याचे डबे भरत. आता त्यातली तीनच घरे उघडी आहेत. बाकीच्यांना कुलपे आहेत किंवा तिथे गोदामे झाली आहेत. माझ्या चकल्या तिने बाकीच्या दोन्ही उघड्या घरी नेऊन दिल्या आणि 'भाचीने केल्या' असे सांगितले.

याच आठवड्यात आमच्या विभागाच्या दोन मेजवान्या झाल्या आणि मी दोन्हीकडे गेले नाही. वरिष्ठांना ते आवडले नसावे. मला त्याची खंत वाटत नाही, कारण ती माणसे मला सोमवार ते शुक्रवार दहा तास भेटतात.

वास्तुरचनाकार, अंधेरी (मूळ गाव फोंडा, गोवा)

गोव्यात दिवाळीआधीचा पंधरवडा नरकासुराचा असतो. वाड्यावाड्यावरची मुले काठ्यांचा आणि लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करून त्यात सुके गवत भरतात, वर कागद चिकटवून रंगवतात आणि चतुर्दशीच्या पहाटे त्याचे दहन करतात. माझे मुंबईतले मित्र ज्या दिवसांत जेवणाचे बेत आखत असतात, त्याच दिवसांत माझ्या वाड्यावर रात्री दोनपर्यंत काम चाललेले असते. मला रोज एक छायाचित्र येते: आज पाय झाले, आज हात लावले. मी पोहोचतो तेव्हा मुखवटाही बसलेला असतो. त्यामुळे हे बारा दिवस मला मुंबईत फार जड जात.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवले की इथल्या मित्रांना निदान आमच्या चतुर्दशीची चव तरी द्यावी. शनिवारी सकाळी आठ जणांना घरी बोलावले आणि पोह्यांचे पाच प्रकार केले: गूळखोबऱ्याचे गोड, तिखट, दुधातले, ताकातले आणि नारळाच्या रसातले. रसातले पोहे जालन्याच्या मित्राने तीनदा वाढून घेतले. त्याने तोवर पोहे म्हणजे कांदेपोहेच खाल्ले होते. दादरच्या बाजारातून मी कारिटे, म्हणजे छोटी कडू रानफळे, आणून ठेवली होती. त्या दिवशी ती फोडली नाहीत, कारण तिथी यायची होती. प्रत्येकाला एकेक कारीट कागदात गुंडाळून दिले आणि अभ्यंगस्नानाच्या वेळी 'गोविंदा' म्हणत ते डाव्या पायाच्या अंगठ्याने कसे फोडायचे, ते सांगितले. जालन्यात त्याच्या आईने कारीट आयुष्यात प्रथमच पाहिले. चतुर्दशीला पहाटे, आमचा नरकासुर जळत असतानाच, त्याचा अंगणातून फोन आला.

जाहिरात क्षेत्र, लोअर परळ (मूळ गाव बुलढाणा)

पैशांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या पहिल्या वर्षी पगार हातात २८,००० रुपये येत होता. कोजागरीपासून निघेपर्यंत सात ठिकाणी जेवणे झाली. मी शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही, पण बिल दरवेळी समान वाटले जाई आणि त्या टेबलावर 'मी माझ्यापुरते देते' असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. बारा दिवसांत ९,६०० रुपये गेले. त्यातच बुलढाण्याच्या खासगी बसचे तिकीट नेहमीच्या दुपटीहून महाग घ्यावे लागले. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारू नये, असे राज्य सरकारने २०१८ मध्येच ठरवून दिलेले आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. आईसाठी पाहून ठेवलेली साडी त्या वर्षी घेता आली नाही. तिला काहीच ठाऊक नव्हते, पण भाऊबीजेला भावाने दिलेल्या ओवाळणीतून मीच परतीचे भाडे काढले, हे मला अजून लागते.

पुढच्या वर्षी मी गटात सरळ लिहिले की मला इतका खर्च परवडत नाही, तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटू, भेळ खाऊ आणि प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणावा. दोघींनी उत्तरही दिले नाही. बाकीच्या पाच जणींपैकी तिघींनी मला वेगळा निरोप पाठवून सांगितले की त्यांनाही हेच म्हणायचे होते. आम्ही साडेदहापर्यंत कट्ट्यावर बसलो होतो.

संगणक अभियंता, ऐरोली (मूळ गाव नागपूर)

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. त्यामुळे आमच्या खोलीत दिवाळीचा विचार गणपतीच्या आसपास सुरू होतो आणि कोण कधी निघणार हे तेव्हाच ठरते. आम्ही तिघे राहतो. मी नागपूरचा, एक कोल्हापूरचा आणि एक बिहारमधल्या दरभंग्याचा. दरभंग्याच्या मित्राला छठ घरी हवी असते. ती दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते आणि सुट्टी तर मोजकीच, म्हणून तो लक्ष्मीपूजन झाल्यावर पवन एक्स्प्रेसने निघतो.

पहिल्या वर्षी आम्ही दोघे आपापल्या धांदलीत धनत्रयोदशीला निघून गेलो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याने एका पणतीचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, 'घर ठीक आहे, काळजी नको.' मी ते नागपुरात सगळ्या गोतावळ्यात बसून पाहिले आणि मला घास गिळेना. त्या बारा दिवसांत मी अकरा ठिकाणी गेलो होतो आणि ज्याच्याबरोबर वर्षभर एका छताखाली राहतो, त्याच्याबरोबर एकदाही जेवलो नव्हतो.

दुसऱ्या वर्षापासून वसुबारसेच्या आधीचा गुरुवार आम्ही राखून ठेवला आहे. माहीमच्या कंदील गल्लीतून बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील आणतो, खिडकीत लावतो आणि घरी स्वयंपाक करतो. पुरणपोळी आमच्याने होत नाही, श्रीखंड विकतचे असते. तो परतताना ठेकुआ, म्हणजे छठचा गोड प्रसाद, घेऊन येतो. कार्तिकी एकादशीच्या सुमारास तो डबा उघडतो, तेव्हा कंदील अजून खिडकीतच असतो.

औषध कंपनी, मुलुंड (मूळ गाव रत्नागिरी)

माझे वडील आषाढात गेले. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. कार्यालयातल्या मंडळींनी सद्भावनेने मला कोणत्याही बेतात धरले नाही आणि मी जवळ गेले की बोलणे थांबू लागले. मला नाचायचे नव्हते, भारी कपडे घालायचे नव्हते, पण माणसांत बसायचे होते, आणि हे आपण होऊन कसे सांगावे हे मला कळत नव्हते. एके दिवशी हिशेब विभागातल्या एक वयाने मोठ्या बाई डबा घेऊन माझ्या जागेपाशी आल्या. 'तुमच्याकडे यंदा तळण व्हायचे नाही, म्हणून आणला आहे. आईसाठीही वेगळा बांधला आहे,' असे म्हणाल्या. दुःखाच्या घरी फराळ इतरांनी पोचवायचा असतो, ही रीत मी लहानपणी रत्नागिरीत पाहिली होती. मुंबईत, निळ्या झाकणाच्या डब्यात ती माझ्यापर्यंत येईल असे वाटले नव्हते. त्या माझ्याजवळ बसल्या आणि वडील काय करत असत, असे त्यांनी विचारले. तीन महिन्यांत हे कोणीही विचारले नव्हते.

आपल्या ओळखीत यंदा असे कोणी असेल तर त्याला विचारून घ्यावे. नको असेल तर तो नको म्हणेल.

शिक्षिका, डोंबिवली (मूळ गावही डोंबिवलीच)

मला कुठे जायचे नसते. वसुबारसेनंतर माझा भ्रमणध्वनी गप्प होतो, कारण ज्यांच्याबरोबर बारा दिवस रोज कुठे ना कुठे जात होते, ती सगळी माणसे सांगलीला, नागपूरला, लातूरला पोहोचलेली असतात. पूर्वी मला याचे वाईट वाटे. पण चतुर्दशीच्या पहाटे आमच्या फडके रोडवर अवघे डोंबिवली उतरते. बंगळूरु, पुणे, हैदराबाद इथे नोकरीला गेलेले माझे वर्गमित्र नवे कपडे घालून गणपती मंदिराच्या अलीकडे थांबलेले असतात. त्यांच्यासाठी गाव म्हणजे हेच, आणि तेही आपापल्या शहरांतल्या बारा संध्याकाळी संपवून आलेले असतात.

वर निवासी डॉक्टरांनी लिहिले आहे, दरभंग्याच्या मित्राविषयीही वाचले. यंदा चतुर्दशीला कोणी मुंबईतच राहणार असेल, तर पहाटेची लोकल पकडून डोंबिवलीला यावे. सहा वाजल्यापासून मी मंदिराजवळ असते आणि नंतर आमच्याकडे फराळ असतो.