पट वाचवायला ओरडायचं तरी काय?

लालमाती
कुस्तीच्या तालमीत १२ ते १४ वर्षांची पोरं आहेत. सरावात पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, बरोबर वाचवतात. मैदानात मात्र बाहेरून "पाय देऊ नको" म्हटलं की हमखास पाय देतात. दोष त्यांच्या ध्यानाचा की आमच्या ओरडण्याचा?

पंचगंगाघाट
ओरडण्याचा. मराठीत 'नको' येतं वाक्याच्या शेवटी. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हलगी कडाडतेय, माणसं उठून उभी आहेत, त्यात पोराला ऐकू जातं "पाय दे". उरलेलं हवेत.

आणि पुरतं ऐकू आलं तरी भागत नाही. जे टाळायचं तेच आधी डोळ्यांपुढं येतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे गोल्फवर तपासलं. "चेंडू भोकाच्या पलीकडं जाऊ देऊ नका" अशी ताकीद दिलेले लोक, डोक्यात एक आकडा धरून ठेवायला लागला की, चेंडू नेमका पलीकडंच घालवत. दमलेल्या पोराचं डोकं तसंच भरलेलं असतं.

म्हणून करायचं तेवढंच सांगा, तेही क्रियापद गाळून. पाय मागं फेकायला "मागं!", वजन टाकायला "कंबर!", मान खाली गेली तर "डोकं!". तीनच शब्द. चौथा आला की पोरगं ऐकत बसतं.

रंकाळा_७८
यात भर. उजवा-डावा अजिबात नको. 'डावा' आणि 'डाव' गोंगाटात सारखंच, शिवाय तुम्ही समोर बसलात तर उजवा कुणाचा? मॅटवर कोपऱ्याच्या रंगानं "लालकडं", "निळ्याकडं" म्हणा, मातीत हलगीकडं.

"घाबरू नको"सुद्धा त्याच जातीचं. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत गाणं, भाषण, गणितं यांच्याआधी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा धडधडीला उत्साह मानणारे सरस ठरले. प्रयोग कुस्तीवरचे नाहीत, पण धडधड दाबण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं आखाड्यातही सोपं.

जोरबैठका
नुसते शब्द बदलून उद्या फरक पडायचा नाही. शब्द अंगात उतरावा लागतो. जोडीदाराचा खांदा खाली झुकला त्याच क्षणी "मागं!", हात पायाला लागल्यावर ओरडलं तर उशीर झाला. १० वेळा, ३ फेऱ्या, शेवटची फेरी मोबाईलवर हलगी लावून. शब्द ऐकूनही पोरगं क्षणभर थबकत असेल तर पुढचा शब्द शिकवू नका.

मॅटवर दोन फेऱ्यांमध्ये ३० सेकंद मिळतात. त्यातली पहिली १५ गप्प बसा, टॉवेल द्या, श्वास लागू द्या. मग एकच गोष्ट सांगा. बहुतेक वस्ताद तिथं सगळी कुस्ती शिकवायला निघतात.

आणि बाहेरून सगळ्यांनी तेच तीन शब्द वापरायचे.

लालमाती
वस्तादांना सांगता येईल. पोरांच्या बापांचं काय करायचं?

जोरबैठका
हलगीच्या शेजारी बसवा.