क्लोरहेक्सिडीनऐवजी कडुलिंबाच्या चुळा चालतील का?

वर्तकनगरची सून
सासूबाईंना डायबेटिस आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. डेंटिस्टने दात साफ करून क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलंय. त्याने चहाची चव कळेना आणि दातांवर तपकिरी डाग पडायला लागलेत. आता म्हणतात, "हे नको, मागच्या कडुलिंबाचा पाला उकळून चुळा भरते." जांभळी नाक्यावरून लवंगेचं तेलही मागवलंय. कडुलिंबाने जंतू मरतात हे तर खरंच ना? मग बदलायला हरकत काय?

खारेगावकर
काहीच हरकत नाही. आमच्या आजीने जन्मभर बाभळीचं दातण केलं. येऊरला जाऊन काड्या आणा.

मायक्रोवाली, कोपरखैरणे
येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथली फांदी तोडू नका.

ताई, मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते. कडुलिंबाच्या पानांचा अर्क मुलं दरवर्षी करतात. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, अल्कोहोलमध्ये भिजवून गाळायचा आणि आटवायचा. जंतू पसरलेल्या आगर प्लेटला (जंतू वाढवायला जेलीसारखा थर ओतलेली बशी) बारीक भोक पाडून त्यात तो घालायचा. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते पट्टीने मोजायचं. शेजारच्या भोकात नुसतं अल्कोहोल घालायला मी विसरू देत नाही, नाहीतर श्रेय कुणाचं तेच कळत नाही.

म्हणजे कडुलिंबात दम आहे. पण अल्कोहोलमध्ये जे उतरतं ते सगळं पाण्याच्या काढ्यात उतरत नाही. शिवाय दातावरचे जंतू प्लेटवरच्यासारखे उघडे नसतात. स्वतःच केलेल्या चिकट थरात ते दडून बसतात, आणि वरून लाळ काढा धुऊन नेते. क्लोरहेक्सिडीन दातांना, हिरड्यांना धरून राहतं आणि तासन्‌तास हळूहळू सुटतं. त्याची खरी ताकद ती आहे, आणि डागही त्यातूनच येतात. ते डाग वरवरचे असतात, डेंटिस्टकडे निघतात.

हे माउथवॉश सहसा थोड्याच दिवसांसाठी देतात. किती दिवस, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. चव जाते तेही सांगा. पेस्ट आणि माउथवॉश यांत अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. कोर्स संपल्यावर काढ्याच्या चुळा खुशाल भरू द्या, पण फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा ब्रश हवाच. काढा गिळायचा मात्र नाही. कडुलिंबाने साखर उतरू शकते आणि त्यांच्या गोळ्या चालू असतील.

लवंगेचं तेल नुसतं हिरडीला लावू नका, भाजतं. त्यातलं युजेनॉल डेंटिस्टही वापरतात, पण झिंक ऑक्साइडमध्ये कालवून, तात्पुरतं सिमेंट म्हणून.

वर्तकनगरची सून
आणि लाल दंतमंजन? बोटाने घासतात त्या.

मायक्रोवाली, कोपरखैरणे
बंदच करा. त्यात बहुधा गेरू असतो, त्याने दात झिजतात. मशेरी तर नाही ना लावत? ती भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजणाऱ्यांना कोण अडवणार!

आणि शेवटची एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, कधी केली होती? साखर वर असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात येत नाही.

वर्तकनगरची सून
मशेरी नाही. एचबीए1सी मात्र दिवाळीच्या आधीची आहे. उद्या उपाशीपोटीच्या साखरेबरोबर तीही करून घेते.