जळगावचं सगळ्यात भारी वर्ष २००७च! कोणाला काय म्हणायचंय ते बोला

मेहरूणकर: परवा शेतात भरीत पार्टी होती, कळण्याची भाकरी तोंडात आणि वाद चालू, की आपल्या जळगावचं बेस्ट वर्ष कोणतं. मी म्हटलं २००७, आणि अजूनही तेच म्हणतो. २५ जुलैला प्रतिभाताईंनी शपथ घेतली, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, आणि त्या कोण तर आपल्या एम.जे. कॉलेजला टेबल टेनिस खेळलेल्या, १९६२ ला इथूनच पहिल्यांदा आमदार झालेल्या. मग २४ सप्टेंबरला टी-ट्वेंटीची फायनल, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. मंडळात गणपतीच्या शेजारीच टीव्ही ठेवलेला, पाकिस्तानला ४ बॉलमध्ये ६ रन पाहिजेत, मिसबाहने तो येडा स्कूप मारला आणि बॉल श्रीशांतच्या हातात पडायच्या आधीच आमच्या एकाने विसर्जनाचं गुलालाचं पोतं फोडलं. टीव्हीच्या जाळीत गुलाल, समोशात गुलाल. सकाळी मिरवणुकीला उधारीवर दुसरं पोतं आणलं. आणि गाणी म्हणाल तर एमपीथ्री सीडीवर हिंदीच्या मधेच दोन अहिराणी गाणी घुसवलेली असायची, मिरवणुकीत तीच तीच परत लावायचे.

केळीवाला_रावेर: काय भो, तू शहरातला म्हणून बोलतोय. २००७ म्हटलं की मला फक्त लोडशेडिंग आठवतं. रात्री दोनला लाईट यायची आणि बाप बॅटरी घेऊन केळीत मोटार चालू करायला, पायात बूट नाही, खाली साप. आई तो परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहायची. आणि क्रिकेटचं काय सांगतो, त्याच वर्षी मार्चमध्ये बांगलादेशकडून हरून पहिल्याच फेरीत घरी आले होते ना, ते विसरला सोयीने.

मेहरूणकर: मार्चचं मार्चमध्ये गेलं भाऊ. लोडशेडिंगचं मान्य.

नंदुरबारी: तुमचं जळगाव-जळगाव चालू द्या. आमचं वर्ष १९९८. १ जुलैला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. त्याआधी धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस एका कागदावर सही घ्यायला धुळ्याला जायचा, साहेब नसला की स्टँडवर मुक्काम. तुम्हाला राष्ट्रपती मिळाल्या, आम्हाला कलेक्टर मिळाला, रोजच्या कामाला कोण जास्त उपयोगी सांगा! आणि क्रिकेट? त्याच एप्रिलमध्ये शारजात सचिनचे १४३ आणि दोन दिवसांनी वाढदिवसाला १३४. वाळूचं वादळ आलं तेव्हा आमच्या काकांना वाटलं आपलाच टीव्ही बिघडला, ते गच्चीवर अँटेना फिरवायला गेले आणि तेवढ्यात मॅच परत सुरू.

पांझराकाठ: तुमचा आनंद म्हणजे आमच्या धुळ्याचे तुकडे, जाऊ द्या. पण मला पटत नाही हे सगळं. तुम्ही दोघं तेव्हा सतरा-अठराचे असाल, बस, तेवढंच कारण आहे. माझ्या आजोबांना विचारलं असतं तर ते १९३६ म्हणाले असते, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष, आणि त्याच वर्षी बर्लिनला ध्यानचंदच्या टीमने जर्मनीला ८-१ ने हाणलं. पण मॅच त्यांनी कुठे बघितली? तरी मिशीला पीळ देऊन सांगायचे. आणि गाण्यांचं तर उलटंच आहे. आमच्या शाळेत अहिराणी बोललं की पोरं हसायची, आता त्याच अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटीत व्ह्यूज आहेत, पुण्याच्या हळदीत वाजतात. सीडीत दोन गाणी चोरून घुसवायचे ते दिवस चांगले कसे?

मेहरूणकर: गाण्याचा मुद्दा तुझा, देऊन टाकला. पण वयाचं म्हणशील तर मी तेव्हा एकतीसचा होतो, पोरगी कडेवर होती. तिच्या फ्रॉकचा गुलाल निघालाच नाही, अजून कपाटात आहे तो.

केळीवाला_रावेर: एकतीसचा होता आणि पोतं फोडणारा कोण होता ते नाही सांगितलं तू.

मेहरूणकर: उधारी मीच फेडली, समजून घे.