मदत हवी आहे: करिंथमधल्या बायका डोकं झाकत होत्या का?

बायबलच्या नव्या करारातलं, पौलानं करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र वाचताना अडकलोय. ११:५ मध्ये (अध्याय ११, वचन ५) प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रीनं डोकं झाकावं, असं पौल म्हणतो. म्हणजे बायका सभेत बोलत होत्याच. मग १४:३४-३५ मध्ये एकदम गप्प बसा! काही हस्तलिखितांत ही वचनं ४०व्या वचनानंतर येतात, म्हणून काही अभ्यासक ती मागाहूनची मानतात, हे वाचलंय. तर्तुल्यन हा जुना ख्रिस्ती लेखकही पाहिला. करिंथच्या कुमारिका डोकं झाकतात असं तो सांगतो खरा, पण माणूस उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा आणि पौलानंतर दीडशे वर्षांनी झालेला.

आजच्या चर्चमध्ये काय करावं, हा वाद कृपया नको. ग्रीक येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. रोमन पुरुष यज्ञ करताना टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) डोक्यावर ओढत, तेवढं ठाऊक आहे. पहिल्या शतकातल्या करिंथमध्ये पूजेच्या वेळी बायकांचं काय? पुतळे, नाणी, शिलालेख असा पुरावा कुठे वाचायला मिळेल?