दृढीकरणाच्या मुलांना मंडळीने आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

रविवारचा_वर्ग

दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी शिकून-समजून आपला विश्वास मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांसमोर, स्वतः कबूल करण्याचा विधी. त्यात पाळक एकदा मुलांकडून मंडळीकडे वळतात. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चच्या २००६ च्या उपासनापुस्तकात तिथे मंडळीला विचारलेलं आहे की या बंधुभगिनींना आधार देण्याचं आणि ख्रिस्तातल्या त्यांच्या जीवनासाठी प्रार्थना करण्याचं वचन तुम्ही देता का. सगळे मिळून होकार देतात आणि त्यासाठी देवाचं साहाय्य मागतात. माझं म्हणणं असं की हे वचन आपण फार उशिरा देतो. ज्या वर्षी मुलांना मंडळीची खरी गरज होती ते वर्ष त्या दिवशी संपलेलं असतं.

मी हा वर्ग घेते. दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी). जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी आजही आमचा पाया आहे. प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो, 'याचा अर्थ काय?' मुलं उत्तर शिकतात. पण त्या उत्तराप्रमाणे जगायला धडपडणारं माणूस त्यांना जवळून कधी दिसतं? पाळक आणि मी सोडलो, तर मंडळीतल्या मोठ्या माणसांशी त्यांचं वर्षभरात धड बोलणंही होत नाही.

एकदा आठवी आज्ञा चालली होती, खोटी साक्ष देऊ नको. ल्यूथरच्या स्पष्टीकरणात पुढे शेजाऱ्याची बाजू घेणं, त्याच्याबद्दल चांगलं बोलणं आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावणंही येतं. एका मुलीने विचारलं, "मोबाइलच्या ग्रुपवर सगळे एकीची टर उडवतात आणि मी काहीच लिहीत नाही, तर ते खोटं बोलण्यात धरायचं का?" मंडळीचे हिशेब पाहणाऱ्या एक बाई त्या दिवशी वर्गात बसल्या होत्या. कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्यावर पैशांचा आळ आला तेव्हा आपण गप्प राहिलो आणि पुढे त्याच्या घरी जाऊन माफी मागायला किती जड गेलं, हे त्यांनी सांगितलं. मुलं इतकी मन लावून ऐकताना मी क्वचितच पाहिली आहेत. असं मी एकटी शिकवू शकत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक मुलाला वर्ग सुरू होतानाच मंडळीतला एक मोठा सोबती मिळावा, आईवडील आणि पाळक यांच्याखेरीज. पहिल्या आठवड्यापासून उपासनेत मुलाचं नाव घेऊन प्रार्थना व्हावी. त्याला खरं काम मिळावं, म्हणजे शास्त्रपाठ, गीत, आजाऱ्यांच्या भेटी, आणि दृढीकरणानंतरही ते सुटू नये. विरोध असेल तर मोकळेपणाने मांडा.

जुना_पंच

विरोध आहे, म्हणून लिहितो. सोबती, काम, भेटी यांत वाईट काहीच नाही. पण हे सगळं वाढलं की वेळ कशाचा कापला जातो? शिकवण्याचा. ल्यूथरने ती प्रश्नोत्तरी का लिहिली हे आठवा. १५२८ मध्ये जर्मनीत सॅक्सनीतल्या मंडळ्या पाहताना सामान्य लोकांना, विशेषतः खेड्यांत, ख्रिस्ती शिकवणीतलं काही येत नसल्याचं त्यांना दिसलं. कित्येक पाळकांनाही शिकवता येत नव्हतं. बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजन घेणारा, पण प्रभूची प्रार्थनाही न येणारा माणूस पाहून त्यांनी लेखणी उचलली. तेव्हाही लोकांत आपुलकी असेलच. तेवढ्याने भागलं नाही.

पाठ केलेलं माणसाला आयुष्यभर पुरतं. मी आजाऱ्यांना भेटायला जातो. ज्यांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नाहीत, त्यांच्या ओठांवर मतांगीकार येतो. पंधराव्या वर्षी ज्याला त्याचा अर्धाच अर्थ कळला, त्याला तो पन्नासाव्या वर्षी कळतो, कारण शब्द आत असतात. मुलांकडून हे काढून घेऊन आपण त्यांना गप्पा देणार असू, तर तो आधार नव्हे.

आणि दृढीकरण घेणाऱ्या मुलांची मंडळीसमोर तोंडी प्रश्नोत्तरं झालीच पाहिजेत. ज्यांनी आधार द्यायचा, त्यांना मूल काय कबूल करतंय ते ऐकू आलं पाहिजे.

दोघांची_आई

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना साध्या शब्दांत कसं शिकवावं, हे त्या प्रश्नोत्तरीतल्या भागांच्या मथळ्यांतच लिहिलेलं आहे. म्हणजे पहिली जागा घर. आपण मुलांना वर्गात सोडतो आणि तासाभराने घ्यायला येतो. आता त्यात सोबतीही आला, तर आईवडिलांनी आणखी एक जबाबदारी दुसऱ्याच्या हाती दिली असं होईल. मंडळीने आधी आम्हाला शिकवावं. मुलाने "देव दुःख का थांबवत नाही" असं विचारलं की आमच्यातले बहुतेक जण विषय बदलतात. पालकांसाठी महिन्यातून एकदा का होईना बसा.

दुसरं, सुरक्षितता. एक मोठा माणूस आणि एक मूल एकटे भेटणार, ही कल्पना मला मान्य नाही. माणूस कितीही चांगला असो. भेट उघड्या जागी, आणखी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असताना, आईवडिलांना कळवून झाली पाहिजे. खाजगी मेसेज नकोत. सोबती निवडण्याआधी त्याची चौकशी झाली पाहिजे, आणि मुलाला नको वाटलं तर कारण न विचारता सोबती बदलता आला पाहिजे.

रविवारचा_वर्ग

सुरक्षिततेचं शब्दशः मान्य. हे नियम लेखी असल्याशिवाय सुरुवातच करू नये.

पण घराबद्दल एक विचारते. ज्या मुलाच्या घरी कुणी प्रार्थना करत नाही, जो मित्राबरोबर आला आणि वर्गात टिकला, त्याची पहिली जागा कोणती? बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता कशासाठी असतात? घर कमी पडेल तिथे मंडळी उभी राहील, म्हणूनच ना? ते दूर गेले असतील, तर त्यांचं काम कुणीतरी उचलायला हवं.

अजून_ठरलं_नाही

मी या वर्षीच्या वर्गात आहे. मोठ्यांच्या बोलण्यात पडतोय, पण विषय आमचा आहे म्हणून.

पाठ करायला मला त्रास होत नाही. दहा आज्ञा आणि स्पष्टीकरणं येतात. अडचण वेगळी आहे. मंडळीत जो भेटतो तो विचारतो, "झालं का पाठ?" नाहीतर "तारीख कधी?" मला यातलं काय खरं वाटतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. पुनरुत्थानाबद्दल मला खूप शंका आहेत. कधी प्रार्थना करताना वाटतं की कुणीतरी ऐकतंय, कधी काहीच वाटत नाही. हे मी मोठ्याने बोललो तर घरी वाईट वाटेल आणि मंडळीत आईवडिलांची मान खाली जाईल, म्हणून गप्प आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. मी या वर्षी 'नाही' म्हणालो, तर तुम्ही ज्या आधाराबद्दल बोलताय तो मला मिळेल का? की तो फक्त 'हो' म्हणणाऱ्यांसाठी आहे?

जुना_पंच

बाळा, बरं झालं विचारलंस. मी पाठांतराचा आग्रह धरतो म्हणून तुला वाटेल की मी तुला ढकलेन. उलट आहे. काही ल्यूथरन मंडळ्यांच्या विधीत मुलाला विचारतात की हा विश्वास सोडण्यापेक्षा सगळं काही, मरणसुद्धा, सोसायची तुझी तयारी आहे का. इतका मोठा शब्द तारीख ठरली आहे म्हणून कुणी देऊ नये. थांबलास तर मी तुझ्या घरी येऊन तुझ्या आईवडिलांशी बोलेन.

दृढीकरण हा आपल्याकडे संस्कारविधी, म्हणजे बाप्तिस्म्यासारखा ख्रिस्ताने नेमून दिलेला विधी, नाही. ल्यूथरने १५२० मध्येच ते स्पष्ट केलं. तुझा बाप्तिस्मा झालेला आहे, देवाचं वचन तिथे पूर्ण आहे, आणि तू थांबल्याने त्यातलं काही कमी होत नाही.

दोघांची_आई

पंचकाका, बोलणं चांगलं आहे, पण तेवढ्याने त्याच्यावरचा दबाव जात नाही. पाहुण्यांना सांगून झालेलं असतं, बरोबरीची मुलं पुढे जाणार असतात. अशा वेळी किती मुलं खरं बोलतील? 'थांबतो' म्हणणाऱ्याला कुणी वेगळं काढणार नाही, हे वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर सांगायला हवं. तारीख जवळ आल्यावर सांगून उपयोग नाही.

आणि त्या मुलाला माझं उत्तर: शंका आहेत म्हणून तू अपात्र ठरत नाहीस. मतांगीकाराच्या तिसऱ्या भागाचं स्पष्टीकरण तुला पाठ आहे ना? मी माझ्या बुद्धीने किंवा शक्तीने विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने मला बोलावलं, असंच त्यात आहे. शंका घेऊन 'हो' म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आम्ही ते तुमच्यापुढे बोलत नाही, हे चुकतं.

जुनी_पानं

वय आणि तारीख ठरवण्याचा इतिहास इथे कामाचा आहे. १५३९ मध्ये धर्मसुधारक मार्टिन बुत्सर यांनी जर्मनीतल्या हेसेत झीगेनहाइनची जी चर्च-नियमावली घडवली, त्यात मुलांना शिकवणं, मंडळीसमोर कबुली आणि हात ठेवून आशीर्वाद हे सगळं आहे. त्याच नियमावलीत मंडळीतल्या वडीलजनांची जबाबदारीही ठरवलेली आहे. म्हणजे सुरुवातीलाच मुलांचं दृढीकरण आणि मोठ्यांची देखरेख शेजारी शेजारी होती. १७३६ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेत राजाने कायद्याने दृढीकरण सक्तीचं केलं, आणि ते झाल्याशिवाय लग्नही करता येईना. त्या सक्तीमुळे पोरं वाचायला शिकली हे खरं, पण विश्वासाची कबुली नागरिकत्वाच्या दाखल्यासारखी झाली. 'अमुक वर्षी सगळ्यांनी एकदम' ही आपली सवय बरीचशी तिथून आली आहे.

पूर्व जर्मनीत १९५४ मध्ये सरकारने त्याच वयासाठी 'युगेंडवाइहे' हा स्वतःचा सोहळा पुढे आणला. चर्चने सुरुवातीला दोन्हींना जाता येणार नाही असं बजावलं. काही वर्षांतच बहुतेक मुलं सरकारी सोहळ्याकडे गेली. शाळा-कॉलेजच्या जागा हातच्या जाण्याची भीती होती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण ज्यांनी त्या दबावातही दृढीकरणच घेतलं, त्यांच्या पाठीशी कुणीतरी माणसं उभी असणार हे नक्की.

अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळ्यांच्या संयुक्त आयोगाने १९७० मध्ये सुचवलं की पहिलं प्रभुभोजन पाचवीच्या सुमारास द्यावं आणि दृढीकरण दहावीपर्यंत पुढे न्यावं. मला हे पटतं. प्रभुभोजन आधीच मिळालेलं असेल, तर थांबणाऱ्या मुलाला कशालाच मुकावं लागत नाही.

जुना_पंच

प्रभुभोजन लहानपणी देण्याला माझा विरोध आहे. पौल म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. दहा वर्षांचं मूल ती कशी करणार?

जुनी_पानं

पन्नाशीतला माणूस तरी ती पुरती करतो का? 'तुमच्यासाठी दिलेलं' या शब्दांवर जो विश्वास ठेवतो तो योग्य, असं ल्यूथर प्रश्नोत्तरीत लिहितात. दहा वर्षांच्या मुलाला ते शब्द कळतात.

मागच्या_बाकावरून

पाठांतर आणि सोबत यांत एकच निवडा असं काही नसतं. जर्मन ल्यूथरन पाळक डीट्रिश बोनहोफर यांचं उदाहरण घ्या. १९३१ च्या शरद ऋतूत बर्लिनच्या झिऑन चर्चमधला दृढीकरणाचा वर्ग त्यांच्याकडे आला. गरीब वस्तीतली सुमारे ५० दांडगी मुलं, आधीचे वयस्कर पाळक त्यांच्यापुढे थकलेले. बोनहोफर यांनी त्याच भागात भाड्याने खोली घेतली. मुलं संध्याकाळी तिथे येत. ते मुलांच्या घरी जात, त्यांना शहराबाहेर घेऊन जात. दृढीकरणाच्या दिवशी घालायला बऱ्याच मुलांकडे धड कपडे नव्हते, तेव्हा त्यांनी कापड आणून दिलं. मार्च १९३२ मध्ये त्या मुलांचं दृढीकरण झालं.

जुना_पंच

हेही सांगा की त्याच १९३१ मध्ये बोनहोफर यांनी फ्रान्झ हिल्डेब्रांट यांच्याबरोबर स्वतःची एक प्रश्नोत्तरी लिहिली. शिकवणं त्यांनी सोडलं नव्हतं.

मागच्या_बाकावरून

काका, तेच तर म्हणतोय.

बोलत_नाही_त्याची_आई

इतका वेळ वाचत होते. माझा मुलगा फार कमी बोलतो. दहा आज्ञा पाठ म्हणणं त्याला कधीच जमणार नाही. पण उपासना सुरू व्हायच्या आधी तो बाकांवर गीतपुस्तकं ठेवतो, प्रत्येक पुस्तक सरळ, आणि आशीर्वादाच्या वेळी मान खाली घालतो. तुमच्या जाहीर प्रश्नोत्तरांत त्याला कुठे उभं करणार? गेल्या वेळी मला प्रेमाने सुचवण्यात आलं की त्याच्यासाठी वेगळा, छोटा विधी करू. मी नाही म्हटलं. त्याला इतरांबरोबरच उभं राहायचं आहे.

जुना_पंच

ताई, त्याच्याकडून पाठांतर मागणार नाही. बाकीची मुलं मतांगीकार म्हणतील तेव्हा तो त्यांच्यात उभा असेल, आणि तीच त्याची कबुली. वेगळा विधी मलाही मान्य नाही. फक्त हे कारण पुढे करून ज्यांना येतं त्यांची सुटका करू नका, एवढीच विनंती.

दोघांची_आई

मग अडखळणाऱ्या मुलाचं काय? ज्याला येतं, पण सगळ्यांसमोर शब्द फुटत नाही? त्याला एकेक प्रश्न विचारून लाजवायचं? पाळक आणि सोबती यांच्यापुढे बसून बोलू द्या, किंवा विश्वासाबद्दल स्वतःच्या शब्दांत एक पान लिहू द्या. मंडळीसमोर सगळ्यांनी मिळून मतांगीकार म्हणावा.

अजून_ठरलं_नाही

पान लिहायला मला आवडेल. शंकाही लिहू द्याल का?

रविवारचा_वर्ग

हो. आणि ते पान तुझ्या परवानगीशिवाय कुणी मोठ्याने वाचणार नाही.

दृढीकरणानंतरचं राहिलं होतं. फिनलंडमध्ये बहुतेक मुलांचा हा वर्ग शिबिरात होतो आणि आदल्या वर्षांची मुलं पुढच्यांचे मदतनीस म्हणून परत येतात. त्यासाठी त्यांना वेगळं शिक्षण देतात. वर्ग संपला की मंडळी संपली, असं त्यांना वाटत नाही. आपल्याकडे मुलं दोन-तीनच असतील, शिबिर जमणार नाही, पण शेजारच्या मंडळीबरोबर मिळून वर्ग घेता येईल. गेल्या वर्षीच्या एका मुलाला या वर्षी शेजारी बसवता येईल.

पुढच्या बैठकीत मी एवढं मांडणार आहे: लेखी सुरक्षानियम, मग सोबती, महिन्यातून एकदा पालकांचा वर्ग, पहिल्या रविवारपासून मुलांची नावं घेऊन प्रार्थना, आणि 'थांबतो' म्हणण्याची उघड मोकळीक. पाठांतर आहे तसंच राहील. मंडळीसमोरची प्रश्नोत्तरं ऐच्छिक करावीत, असंही सुचवणार आहे.

जुना_पंच

शेवटच्या मुद्द्याला बैठकीत माझा विरोध राहील. बाकीच्यावर सही करतो. आणि सोबत्यांच्या यादीत माझं नाव घाला, चौकशी सगळ्यांची होते तशीच माझीही होऊ द्या.