नवजात बाळाचे तीन अवयव एकाच वेळी कसे बिघडतात?

प्रश्न (बाळाचा मामा):
माझ्या बहिणीचे बाळ पूर्ण दिवसांचे, २८०० ग्रॅम वजनाचे आहे. पण प्रसूतीआधीच वार सुटली आणि बाळ जन्मल्यावर रडले नाही. आज तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मूत्रपिंड, यकृत आणि हृदय या तिन्हींचे काम बिघडल्याचे सांगितले. सोनोग्राफीत सर्व अवयव व्यवस्थित होते, मग हे कसे झाले? आपलेच काही चुकले का, असे बहीण सारखे विचारते आहे. मेंदू वाचवण्यासाठी बाळाला थंड ठेवण्याचा उपचार इथे झाला नाही, त्याने नुकसान झाले का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
बहिणीचे काहीही चुकलेले नाही, हे तिला आजच सांगा. वार सुटली की प्राणवायू तुटतो आणि बाळाचे शरीर उरलेले रक्त मेंदू व हृदयाकडे वळवून मूत्रपिंड, यकृत, आतडी यांचा वाटा कमी करते. ताण लांबला की हृदयही थकते. अवयवांची घडण चांगलीच होती, त्यांना रक्त पुरले नाही. धोका मोठा आहे, हे मी लपवणार नाही. तरीही जी बाळे यातून तगतात, त्यांची मूत्रपिंडे आणि यकृत बहुधा सावरतात. सुरुवातीच्या दिवसांतील क्रिएटिनिनमध्ये (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) आईच्या रक्ताचाही अंश असतो, म्हणून एका आकड्यावर न जाता तो चढतो की उतरतो, ते पाहावे. मेंदूविषयी मात्र डॉक्टरांना वेगळे विचारा: झटके येतात का, बाळ चोखू लागले का?

थंडाव्याचा उपचार पहिल्या ६ तासांत सुरू करून ७२ तास द्यावा लागतो. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. त्यामुळे ती खंत मनातून काढून टाका.

उत्तर (एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातील परिचारिका):
आम्ही प्रत्येक डायपर आधी कोरडा आणि मग ओला तोलतो. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिलिलीटर लघवी. दर किलोमागे तासाला एक मिलिलीटरहून कमी झाली की डॉक्टरांना कळवतो. म्हणजे तुमच्या बाळाला सहा तासांत निदान १७ मिलिलीटर व्हायला हवी. रोज तेवढा आकडा विचारत जा, कोणी रागावणार नाही. ताईंना चीक काढून ठेवायला सांगा. आज सलाइनवर असले तरी आतडी सावरल्यावर बाळाला तोच थेंबाथेंबाने देतात.