टाइमआउट वाढवला, विषय संपला? कसा काय संपला?

रात्रपाळी (लातूर):
नव्यांसाठी आधी एक ओळ: क्लस्टर म्हणजे मिळून काम करणारी मशीन, त्यातलं प्रत्येक मशीन म्हणजे नोड; कोण जिवंत आहे ते कोरोसिंक बघतो, सर्व्हिस चालू-बंद पेसमेकर करतो. काल गोदाकाठ यांनी इथं लिहिलं: ‘चार नोडचा पेसमेकर-कोरोसिंक आहे. चौथा नोड मधूनच बाहेर पडतो. परत आला की चारी नोडवरच्या फाइलसिस्टिम आणि अॅप रीस्टार्ट व्हायलेत. टोकन टाइमआउट 10 सेकंद केला, आता गप्प आहे. लोकहो, टाइमआउट वाढवा, विषय संपला.’ खाली धन्यवादांची रांग लागली. ती रांग बघून डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक.

तुमचा त्रास नोड गेल्याचा नाही, परत आल्याचा आहे. हे तुम्हीच लिहिलंय. टोकन म्हणजे नोडांमध्ये फिरणारी हजेरीची चिठ्ठी. तिचा टाइमआउट फक्त एवढंच ठरवतो की नोड गेला असं कधी म्हणायचं. आलेल्या नोडपायी बाकी तिघांच्या प्रोसेस का पडतात, याच्याशी त्याचा संबंध काय? आता नोड कमी वेळा जातो, म्हणून कमी वेळा परत येतो, म्हणून रीस्टार्ट दिसत नाहीत. मूळ भानगड जागच्या जागी आहे.

आणि याची किंमत? कोरोसिंक दोनच्या वरच्या प्रत्येक नोडमागे 650 मिलिसेकंद आपणहून मिळवतो. तुमचे 10 सेकंद झाले 11.3. मग कन्सेन्सस (उरलेल्यांचं एकमत व्हायची मुदत) टोकनच्या 1.2 पट, म्हणजे आणखी साडेतेरा. उद्या एखादं मशीन खरंच जळालं तर 25 सेकंद नवी मेंबरशिप, म्हणजे क्लस्टरमध्ये कोण कोण उरलं, ते ठरत नाही. फेन्सिंग (गेलेल्या नोडला जबरदस्तीनं तोडणं) त्याच्याही नंतर. तोवर लॉक मॅनेजर (कुणी कधी लिहायचं ते ठरवणारा) अडकला, आणि फाइलसिस्टिमवर लिहिणारे सगळेच अडकले.

आधी चारी मशीनची घड्याळं जुळतात का बघा. क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) चालू असला म्हणजे जुळतात असं नाही. मग चारी लॉग वेळेप्रमाणे एकत्र लावा आणि पहिली ओळ शोधा. कुणी कुणाला मेलेलं ठरवलं? प्रोसेस आपणहून पडली, का पेसमेकरनं ‘स्टॉप’ सोडून पाडली? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

गोदाकाठ (नांदेड):
लै शिकवलं भाऊ. पण लॉग मी बी वाचतो. टाइमआउट डिफॉल्टवर होता तवाची ओळ सांगतो. कोरोसिंकच म्हणायलाय: मुख्य प्रोसेसला 5200 मिलिसेकंद सीपीयू मिळाला नाही, मर्यादा 3440, टोकन टाइमआउट वाढवायचा विचार करा. सॉफ्टवेअर लिहिणारेच सांगायलेत वाढवा म्हणून. आता मी त्यांचं ऐकू का तुमचं?

पैठणगेट (संभाजीनगर):
गोदाकाठशी सहमत. चपळ फेलओव्हरची (एक पडला की दुसऱ्यानं लगेच काम उचलण्याची) हौस असणाऱ्यांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं 2018 आठवावं. 21 ऑक्टोबरला पूर्व किनाऱ्यावरची लिंक 43 सेकंद तुटली. तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटरनं (आपोआप फेलओव्हर करणाऱ्या प्रोग्रॅमनं) पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी, म्हणजे लिहून घेणारे मुख्य, करून टाकले. दोन्हीकडं वेगवेगळं लिहिलं गेलं आणि ते निस्तरायला 24 तास 11 मिनिटं. जरा दम धरला असता तर?

रात्रपाळी:
43 सेकंदांत तुमचे 10 कुठं पुरले असते? त्यांनी नंतर काय ठरवलं तेही सांगा की. प्रायमरी एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाऊच नये, अशी ऑर्केस्ट्रेटरची सेटिंग करायची. टाइमआउट ताणून बसले नाहीत.

गोदाकाठ, त्या ओळीचा शेवट तेवढा वाचलात, सुरुवात सोडली. पाच सेकंद सीपीयू मिळाला नाही. कोरोसिंक रिअलटाइम प्रायोरिटीवर पळतो. त्यालाच सीपीयू मिळेना म्हणजे बहुतेक खाली हायपरव्हायझरनं (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) अख्खं मशीनच थांबवलंय. ओळ किती वाजताची आहे?

गोदाकाठ:
रात्री दोन-सव्वादोन. बरं, रोज नाही.

रात्रपाळी:
बॅकअपचा स्नॅपशॉट, मशीनची त्या क्षणाची प्रत घेताना ते थांबतं. पैज लावतो.

हुरडापार्टी (मूळ परभणी, सध्या पुणे):
एवढी डोकेफोड कशासाठी? मशीन तिकडं ठेवलीच का? क्लाउडवर टाका आणि रात्री झोपा.

मांजराकाठ (लातूर):
आले पुणेकर. वाटच बघत होते.

क्लाउडवर नोड येत-जात नाहीत असं कुणी सांगितलं यांना? आमच्या पतसंस्थेचं ऐका. गॅलेराचे (एकच डेटाबेस सगळ्या नोडवर सारखा ठेवणारं) तीन नोड. उभं केलेला मुलगा हुशार, वादच नाही. गेला पुण्याला. नंतर एक नोड दिवसभर बंद राहिला. परत लावला तर जॉइनच होईना. जीकॅश (अलीकडचे बदल साठवायची जागा) डिफॉल्ट 128 एमबीवर सोडलेला, त्यामुळं राहिलेले बदल तेवढे मिळायची सोय संपलेली. आता अख्खा डेटा नव्यानं घ्यायचा. तो अर्धाही येत नाही तोच सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा) 90 सेकंदांवर प्रोसेस मारून टाकायचा, की परत पहिल्यापासून. डेटा देणारा डोनर नोड प्रत्येक वेळी बेजार, कौंटरवर पासबुकं घेऊन माणसं उभी. 90 सेकंदांचं कुठं लिहिलेलं नाही, जीकॅशचं लिहिलेलं नाही, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. त्याला फोन केला तर म्हणतो, ‘ताई, स्टँडअप मीटिंगमध्ये आहे.’

हुरडापार्टी:
आणि त्यानं काय करायचं होतं? मी परभणीत तेच केलंय. सर्व्हर मीच, प्रिंटर मीच, लाईट गेली की जनरेटरमध्ये डिझेल मीच ओतायचं. पगाराचं तर बोलूच नका. रात्रीचा भत्ता मागितला तर मालक म्हणाले, रात्री तसाही घरीच असतोस की. शेवटी बाहेर पडलो, महिन्याची नोटीस देऊन, एकदम ग्रेसफुल लीव्ह.

मांजराकाठ:
ग्रेसफुल म्हणे. ग्रेसफुल जाणारा नोड जाताना लॉक सोडून जातो. तुम्ही लोक रूटचा पासवर्डसुद्धा डोक्यात घेऊन शिवाजीनगरला उतरता.

हुरडापार्टी:
लिहून ठेवायला वेळ कुणी दिला होता? आणि लिहिलं असतं तर वाचणारं कोण होतं? माझ्या जागी सहा महिने कुणी घेतलं नव्हतं. स्वस्तात मिळतोय म्हणून एक माणूस ठेवायचा, तो गेला की पुण्याच्या नावानं बोटं मोडायची. एकच नोड ठेवून त्याला क्लस्टर म्हणायची सवय मशीनच्या आधी माणसांत लागलीय.

मांजराकाठ:
हे शेवटचं वाक्य खरंय. बाकीचं नाही.

पैठणगेट:
भांडण चालू द्या, पण लाईटीचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. हे रात्रपाळीच्या बाजूनं जातंय, नाइलाज आहे. आमचे सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. लाईट डोळा मारून गेली की सर्व्हर जागचे हलायचे नाहीत, स्विच तेवढा रीबूट. तो उठला तरी स्पॅनिंग ट्री (नेटवर्कात फेरा होऊ न देणारी सोय) पोर्ट उघडेना, 15 सेकंद ऐकण्यात, 15 शिकण्यात. नोड सगळे ठणठणीत आणि एकमेकांना मेलेलं समजून बसलेले. इथं टाइमआउट 10 केला काय, 20 केला काय. शेवटी स्विच यूपीएसवर घेतला आणि सर्व्हरच्या पोर्टना पोर्टफास्ट लावला, म्हणजे ते थांबणं गेलं. ती एक्स्टेन्शनची वायर ओढायला परवानगी मिळवणं, हा वेगळा धागा होईल.

गोदाकाठ:
माझा स्विच यूपीएसवरच हाय. मूळ विषयावर या. रात्रपाळी साहेब, नोड परत आल्यावर रीस्टार्ट का, ते तुम्ही बी अजून सांगितलं नाही. टीका सोपी असती.

रात्रपाळी:
कॉन्फिग दाखवल्याशिवाय काय सांगू? अंदाज घ्या. जीएफएस2 (सगळ्या नोडांनी एकदम वापरायची फाइलसिस्टिम) असणार. लॉक मॅनेजरचा क्लोन (प्रत्येक नोडवर एक प्रत), त्याच्यावर फाइलसिस्टिमचा क्लोन, मध्ये ऑर्डर लावलेली. बरोबर? आता दोन्ही क्लोनचं ‘इंटरलीव्ह’ बघा.

गोदाकाठ:
तसलं काही लिहिलेलंच नाही.

रात्रपाळी:
मग ते फॉल्स आहे, डिफॉल्टच तसं आहे. फॉल्स म्हणजे कुठल्याही नोडवरची फाइलसिस्टिम आपल्याच मशीनवरच्या लॉक मॅनेजरवर समाधानी नसते, चारीकडचे उठेपर्यंत थांबते. चौथा नोड आला, त्याच्यावर लॉक मॅनेजर सुरू व्हायचाय. झालं, पेसमेकर तिघांच्या चालत्या फाइलसिस्टिम खाली उतरवतो, चौथ्याची वाट बघतो, मग सगळ्या परत चढवतो. फाइलसिस्टिम उतरायची म्हटल्यावर वरची अॅपही उतरली. प्रोसेस क्रॅश झालीच नव्हती, रांगेत उभी केली होती. दोन्ही क्लोनवर इंटरलीव्ह ट्रू करा. क्लोन नसलेली एखादी सर्व्हिस उगाच नव्या नोडवर उडी मारत असेल तर तिची स्टिकीनेस (आहे तिथंच चिकटून राहायची ओढ) शून्य आहे का तेही बघा.

बदल दिवसा करू नका. आधी सगळ्यांना सांगा.

गोदाकाठ (दुसऱ्या दिवशी):
केलं. चौथा स्टँडबायला, म्हणजे कामातून बाजूला, टाकला, परत आणला. बाकी तिघं हलले बी नाहीत. घ्या, तुमचंच खरं. शाल-नारळ कुठं पाठवू?

पण टाइमआउट 10 च ऱ्हाणार. स्नॅपशॉटचंच निघालं, तुमची पैज बी गेली माझ्या अंगावर. त्याची वेळ बदलायची तर बॅकअप लावलेला माणूस पाहिजे, आणि तो आता हिंजवडीत.

मांजराकाठ:
अरे देवा.

रात्रपाळी:
10 कशाला? तुमचं मशीन 5.2 सेकंद अडकतं. टोकन 6 ठेवा. चार नोडांचे धरून 7.3 होतो, लॉगमधला तो इशारा याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 5.84 ला. तुमचे 5.2 आत बसले. खरोखर नोड गेला तर 16 सेकंदांत निकाल. स्नॅपशॉटचं मार्गी लागलं की डिफॉल्टवर आणा. तोवर वाढवा, मी नाही म्हणत नाही.

पैठणगेट:
नोंद घ्या लोकहो, रात्रपाळी ‘वाढवा’ म्हणाले.

रात्रपाळी:
मोजून वाढवा म्हणालो.

गोदाकाठ:
7.

रात्रपाळी:
बरं, 7. पण का वाढवला ते कॉन्फिगमध्ये त्या ओळीच्या वर लिहा. उद्या तुम्हीही पुण्याला गेलात तर पुढच्याला कळेल.

गोदाकाठ:
लिहितो. पण मी कुठं जायलोय, वसमतला चार एकर हळद हाय.